जागा लिहिलेले शब्द

नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात हिरा बारा वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी! पॅकिंगच्या लाइनवर बसायला साधं स्टूल नाही, आणि गुडघ्यांची तक्रार ऐकायला कुणाला वेळ नाही. म्हणून स्टोअर सांभाळणारे रखमाजी आबा निवृत्त झाले आणि त्यांची दाराजवळची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा हिरानं मनाशी ठरवलं, ही खुर्ची आपली. स्टोअरच्या साहेबांना, म्हणजे सुहास सरांना, तिनं तसं तोंडावर सांगितलं. साहेब हसले.

"हिराबाई, तिथं सगळं इंग्रजीत असतं. सातवी शिकून स्टोअर चालत नाही."

आता तुम्हीच सांगा, त्या स्टोअरमधली खोकी बारा वर्षं वाहिली कुणी? हिरानं. स्टॉक मोजायच्या दिवशी शिडीवर चढून ती फळीवर लावली कुणी? हिरानंच. खोक्यांवरची इंग्रजी नावं बोट ठेवून, अडखळत, तिनं तिथंच वाचायला शिकून घेतली होती. साहेब तेवढा वेळ पंख्याखाली बसून चहा पीत असत. तरी शिकलेले कोण? तर साहेब!

महिनाभरानं कारखान्याचा वर्धापनदिन आला. ऑफिसातल्या चैताली मॅडमनी कँटीनमध्ये स्पर्धा ठेवली आणि फळ्यावर तीन इंग्रजी अक्षरं लिहिली: आर, ई आणि टी. ही तिन्ही ज्यात आहेत असे इंग्रजी शब्द शोधायचे, अक्षरं कुठल्याही क्रमानं आली तरी चालतील, वेळ दहा मिनिटं. ऑफिसची पोरं पेनं सरसावून बसली. हिरा उठली आणि त्यांच्याच बाकावर जाऊन बसली.

"मावशी, हे स्टाफसाठी आहे," कुणीतरी म्हणालं.

"फळ्यावर तसं लिवलेलं न्हाई. लिवलं असतं तर वाचलं असतं."

लाइनवरची तिची मैत्रीण नुसरत मागून ओरडली, "बस गं तू! खातात का काय तुला!"

हिरानं डोळे मिटले. इतरांसारखी ती शब्द आठवत बसली नाही. तिनं मनातल्या मनात स्टोअरचं दार उघडलं आणि रॅकमधून चालायला लागली. पहिल्या रॅकला स्टार्टर. त्याच्याखाली फिल्टर. तिसऱ्याला बॅटरी, पलीकडं कनेक्टर. कोपऱ्यात रिजेक्ट लिहिलेला लाल पिंप. जे दिसेल ते ती लिहीत गेली, आणि प्रत्येक शब्दापुढं रॅकचा आकडाही टाकत गेली. तो आकडा तिच्या हाताची सवय होती. लाइनवरून सामान मागवताना चिठ्ठीवर नावापुढं जागा लिहावी लागे, नाहीतर आबा चिठ्ठी फेकायचे. "जागा न्हाई, चिठ्ठी परत!"

दहा मिनिटांत तिचे एकतीस शब्द झाले. ऑफिसात सगळ्यांत जास्त बावीस. कागद तपासायला बसले होते सुहास सर. हिराचा कागद हातात आला तसा त्यांचा चेहराच उतरला.

"हे आकडे कसले? कुठल्या पुस्तकातून उतरवलंत?" असं म्हणून त्यांनी कागदावर लाल पेनानं आडवी रेघ मारली. "कॉपी आहे. बाद."

हिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नंबर कापा सर, पर चोर म्हनू नका. ते आकडे तुमच्याच रॅकचे हायत. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चला स्टोअरात. एक जरी शब्द जागेवर न्हाई घावला, तर मी उद्यापासनं कामावर येनार न्हाई."

नुसरतनं कपाळावर हात मारला. घरात कमावती हिरा एकटी, आणि असली पैज! पण बोलून बसली होती, आणि तिला त्याचा पस्तावाही नव्हता.

चैताली मॅडमनी तो कागद उचलला. केक तसाच टाकून सगळी वरात स्टोअरकडं निघाली. मॅडम शब्द वाचत होत्या, नुसरत आकड्यावर जाऊन खोकं दाखवत होती. तीस शब्द मिळाले. उरला एक.

"अडॅप्टर. रॅक सात," मॅडमनी वाचलं. "खाली, मागं," हिरा म्हणाली.

"इथंच फसलात!" सुहास सर केवढ्यानं तरी म्हणाले. "अडॅप्टरचं खोकं हरवलंय. मागच्या आठवड्यात मीच तसं लिहून दिलंय."

तेच ते अडॅप्टर. त्यांच्यापायी लाइन अर्धा दिवस बंद पडली होती, आणि खोकं हरवलं म्हणून मेमो मिळाला होता लाइनवरच्या बायकांना. हिरानं तेव्हाही जागा सांगितली होती, पण वाकून बघितलं कुणी?

हिरा कळ दाबत गुडघ्यांवर बसली, पुढची दोन खोकी सरकवली आणि मागचं बाहेर ओढलं. अडॅप्टर. वरची चिकटपट्टीसुद्धा फुटलेली नव्हती.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" नुसरत म्हणाली, आणि बायका फिदीफिदी हसल्या.

"पहिलं बक्षीस हिराताईंचं," मॅडम म्हणाल्या. "मिक्सर आहे."

"मिक्सर हाय घरी. आमचा मेमो फाडा, आन मला ती खुर्ची द्या."

सुहास सर पुटपुटले, "अशी देता येत नाही. अर्ज लागतो. इंग्रजीत."

"व्हय का? द्या पेन."

तिनं त्यांच्याच खिशातलं लाल पेन घेतलं. रेघ मारलेला कागद उलटा केला आणि आबांच्या टेबलावर ठेवून मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं: स्टोअर. फळ्यावरची तिन्ही अक्षरं त्यातही होती, आणि तो शब्द तिनं मुद्दाम यादीत न घालता राखून ठेवला होता. त्याच्याखाली आपलं नाव लिहिलं. नावापुढं जागा लिहिली, दाराजवळची खुर्ची.

मग खुर्ची ओढून ती बसली, आणि बसल्या बसल्याच कागद साहेबांपुढं धरला.

"जागा लिवलीय, सर. आता चिठ्ठी परत करायची न्हाई."