मार्गित नेनी पूल ओलांडते

"ब्रेक! ब्रेक दाबा बाई!"

"कुठला ब्रेक?"

"मधला! मधला दाबा!"

"मधला कुठला? मला सगळेच मधले दिसतायत!"

एवढं ऐकू येईपर्यंत हिरवी गाडी चर्चचं कुंपण मोडून आत शिरली होती. मी दुकानात एका बाईच्या केसांना रंग लावत होते. ती तशीच डोक्याला टॉवेल गुंडाळून आणि मी हातात कंगवा घेऊन, अशा आम्ही दोघी रस्त्यावर धावलो. फेब्रुवारीचे दिवस, फादर बोडनार यांच्या गुलाबांच्या नुसत्या काटक्या उभ्या होत्या. त्यातल्या अर्ध्या आता गाडीखाली होत्या. गाडीच्या दारावर अजून 'गेझा हालास, मांस आणि सॉसेज' अशी अक्षरं होती. आत स्टिअरिंगच्या चाकापाशी गेझाची विधवा मार्गित बसली होती, काळा रुमाल कपाळावर सरकलेला. शेजारी मिस्टर टटल, दोन्ही हातांनी टोपी धरून.

मार्गितला आमची सगळी गल्ली नेनी म्हणायची. हंगेरियनांची वस्ती ती. आमच्यात मावशीला नेनी म्हणतात. माझं केसांचं दुकान तिच्या दुकानासमोर, त्यामुळे या गोष्टीतलं निम्मं मी खिडकीतून पाहिलं, आणि उरलेलं माझ्या खुर्चीत बसून लोकांनी सांगितलं. अमेरिकेतल्या टोलेडोत त्या काळी नदीच्या पूर्वेला घडलेली कुठलीही गोष्ट आधी माझ्या दुकानात यायची आणि मग वर्तमानपत्रात.

गेझा आदल्या वर्षी गेला. तो होता तेव्हा काम वाटलेलं होतं. नेनी मागच्या धुरीच्या खोलीत कोल्बास टांगायची. लसूण आणि लाल मिरचीची ती सॉसेज. वारा फिरला की माझ्या शांपूचासुद्धा वास मरायचा. गेझा ती गाडीत घालून गावभर पोचवायचा. तो गेल्यावर गाडी मागच्या अंगणात उभी राहिली, आणि गिऱ्हाईक हळूहळू कमी झालं. तरुण पोरं लग्न करून नदीपलीकडे जात होती. तिकडे नवी घरं, पुढे हिरवळ, बाजूला गाडीची खोली, आणि कोपऱ्यावर थंडगार मोठा बाजार. नेनीची एकुलती एक मुलगी एर्झीसुद्धा तिकडेच. तिचा नवरा जीपच्या कारखान्यात होता.

एर्झी दर रविवारी यायची आणि तेच सांगायची.

"आई, एकटीनं किती दिवस रेटणार आहेस? दुकान घ्यायला तो माणूस तयार आहे. पाडून गाड्या लावायची जागा करणार आहे. तू आमच्याकडे ये. तुझ्यासाठी खोली रंगवलीय."

"कुठला रंग?"

"पिवळा."

"छान असतो पिवळा," नेनी म्हणायची आणि तिच्या पिशवीत कोल्बास भरायची. शेवटी एर्झी रडकुंडीला आली, तेव्हा नेनी म्हणाली, "ईस्टर होऊ दे. ईस्टरनंतर तुला जे करायचं ते कर."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात येऊन बसली.

"पिरोश्का, गाडी चालवायला सगळ्यात चांगलं कोणाला येतं ग आपल्याकडे?"

मी विचारही केला नाही. "मिस्टर टटल."

आता यात माझं काय चुकलं? आमच्या रस्त्यावरून सगळं आयुष्य ट्राम चालवलेला माणूस तो. पोटुशी बाई दिसली की थांबा नसला तरी ट्राम थांबवायचे. ट्राम बंद होऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ते औषधाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर इस्त्रीचा कोट घालून बसलेले असायचे. नेनी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"टटल, मला गाडी शिकवा."

मी खिडकीतून बघत होते. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. मग म्हणाले, "कधीपासून?"

आणि तिसऱ्याच दिवशी गाडी गुलाबांत.

फादर बोडनार घरातून सपाता घालूनच बाहेर आले. आडदांड माणूस, आवाज त्याहून मोठा. "कोण चालवत होतं?"

"मी," नेनी म्हणाली.

"मी," टटल म्हणाले.

"दोघं एकदम?"

टटल गाडीतून उतरून चर्चच्या पायरीवर बसले. चेहरा पांढरा पडला होता. "फादर, चूक माझी. बाईंना काही बोलू नका. मला गाडी येत नाही."

रंगवाल्या बाईच्या कानावरून रंग ओघळत होता, तिलाही भान नव्हतं.

"ट्रामला वळवायचं चाक नसतं हो," टटल खाली बघत म्हणाले. "रूळ नेतील तिकडे जायचं. वेग द्यायचा, ब्रेक लावायचा, घंटा वाजवायची. ट्राम बंद झाल्यावर कंपनीनं बसवर घातलं मला. पहिल्याच कोपऱ्यावर रस्ता वळला आणि मी सरळ गेलो. एका फळवाल्याच्या दुकानात. सगळ्यांना सांगितलं, निवृत्ती घेतली म्हणून."

"मग मला 'हो' कशाला म्हणालात?" नेनीनं विचारलं.

"तुम्ही विचारलंत ना," टटल म्हणाले. "चार वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं."

नेनी त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही त्यांना फाडून खाणार. पण आधी तिचे खांदे हलले, मग तोंडावर रुमाल गेला, आणि मग ती अशी हसत सुटली, की तिला गाडीच्या दाराला धरून उभं राहावं लागलं. "सरळ गेले! फळवाल्याच्या दुकानात!" गेझाच्या मातीनंतर मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होते. मग टटल हसले. मग फादरसुद्धा, पण त्यांनी लगेच आवरलं.

"पुरे. उद्यापासून शिकायचं ते आपल्या काठावरच्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात. तिथं देवाचं काही नाही. आणि शिकवणार मी. उरलेले गुलाब वाचवायचे तर दुसरा इलाज दिसत नाही."

मग रोज दुपारी हे तिघं त्या गाडीत. मध्ये फादर, गुडघे हनुवटीला टेकलेले. एकदा नेनी चाकावर, एकदा टटल. आम्ही बायका डबे घेऊन बघायला जायचो. नेनीला वेगाची भीती नव्हती, थांबण्याची होती. टटलना थांबणं सुरेख जमायचं. असे अलगद थांबायचे, की मांडीवरचा कॉफीचा कप हिंदकळू नये. पण वळण आलं की हात आखडायचे. आणि रस्त्यावर आले की जुनी सवय. प्रत्येक जुन्या थांब्याला तोंडून नाव बाहेर पडायचं. "व्हाइट स्ट्रीट! उतरणारे पुढे या!" आणि नेनी आज्ञाधारकपणे गाडी थांबवायची.

"बाई, मी सवयीनं म्हणतो. थांबायचं नसतं."

"मग म्हणू नका. नाव घेतलंत की मला थांबावंसंच वाटतं."

मार्चअखेरीस दोघं परवान्याच्या परीक्षेला गेले. परीक्षा घेणारा पोलीस तरुण, कडक इस्त्रीचा, ओठांना हसण्याची सवय नसलेला. आधी टटल गेले. पाचच मिनिटांत गाडी परत आली, आणि पोलिसाची टोपी वाकडी झाली होती. वळणावर टटल पुन्हा सरळ गेले होते. या वेळी समोर दुकान नव्हतं, एवढंच देवाचं देणं.

मग नेनी. तिनं रुमाल घट्ट बांधला, छातीवर क्रॉसची खूण केली आणि निघाली. वळली, मागे घेतली, दोन गाड्यांच्या मध्ये नीट लावली. सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात एका कोपऱ्यावर तिनं उगाचच गाडी थांबवली.

"इथं का थांबलात?" पोलिसानं विचारलं. "पाटी नाही, दिवा नाही."

नेनी म्हणाली, "साहेब, इथं ट्राम थांबायची."

पोलिसानं खिडकीबाहेर बघितलं. "हो, थांबायची," तो म्हणाला. "माझी आजी इथंच उतरायची. चला पुढे."

ती पास होऊन बाहेर आली तेव्हा टटल भिंतीकडे तोंड करून उभे होते, कसलीशी जाहिरात वाचत असल्यासारखे. नेनीनं परवाना न दाखवता पर्समध्ये टाकला.

"टटल, एक अडचण आहे."

"हं."

"गाडी चालवताना मला दुसरं काही सुचत नाही. पुडकी द्यायला, माणसांशी बोलायला, रस्ता सांगायला कोणीतरी हवं."

टटल वळले. "कंडक्टर?"

"कंडक्टर."

"जन्मभर मी ट्रामच्या तोंडाशी उभा राहिलो बाई. कंडक्टर मागे."

"आमच्या गाडीत मागे कोल्बास असतात. तुम्ही पुढे, माझ्या शेजारी."

माणूस मानी होता. मग कोटाची बटणं लावत म्हणाले, "टोपी माझीच चालेल का?"

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तरी गाडी नदीपलीकडे निघाली तेव्हा आम्ही सगळ्या दारात आलो. आठवडाभर धुरीच्या खोलीतला धूर थांबला नव्हता. गाडीत कोल्बासच्या माळाच्या माळा, हॅम, किसलेल्या तिखट मुळ्याच्या बाटल्या. ईस्टरच्या सकाळी टोपली भरून चर्चमध्ये न्यायची आणि फादरांकडून आशीर्वाद घ्यायचा, हे आमच्यात कोणी चुकवत नाही, मग तो नदीच्या कुठल्याही काठावर राहो. पण आई गाडी शिकलीय, हे एर्झीला माहीतच नव्हतं. रविवारी ती आली की गाडी आपल्या जागी अंगणात, आणि नेनी गल्ल्यामागे. सगळ्या गल्लीनं तोंड शिवून ठेवलं होतं. माझ्यासारखीनंसुद्धा, यावरून काय ते समजा.

नदीवरचा पूल उंच आहे. चढण लागली की पुढचा रस्ता दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं. त्या दिवशी वारा सुटला होता आणि मागे गाड्यांची रांग लागून भोंगे वाजत होते.

"टटल, काहीतरी बोला," नेनी म्हणाली.

"काय बोलू?"

"थांबे म्हणा तुमचे."

"पुलावर थांबा नाही बाई."

"एकही नाही?"

"एकही नाही. पुलावर ट्राम कधी थांबत नसे."

"मग ठीक आहे," असं म्हणून नेनीनं पाय दाबला, आणि गाडी आभाळाकडे निघाली ती थेट पलीकडे उतरली.

यापुढचं मला एर्झीनं सांगितलं, ईस्टरनंतरच्या आठवड्यात, माझ्याच खुर्चीत. त्या शनिवारी ती डोक्याला केस कुरळे करायच्या नळ्या लावून स्वयंपाकघरात उभी होती. बाजारातली सेलोफेनमधली सॉसेज तव्यावर होती, आणि नवरा म्हणत होता की रबरही याहून चवदार असेल. एवढ्यात खिडकीतून वास आला. तिला वाटलं, भास. मग शेजारची रोझा धावताना दिसली, हातात रिकामी थाळी. तिच्या मागून कोपऱ्यावरची कातो, पोराला काखेत मारून. या सगळ्या आमच्याच गल्लीतल्या पोरी, नदीपलीकडे गेलेल्या. आणि ज्या आमच्या नव्हत्या त्याही, नुसत्या वासावर, दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

एर्झी तशीच नळ्यांसकट बाहेर आली. रस्त्याच्या कडेला वडिलांची हिरवी गाडी उभी. मागचं दार उघडं. मिस्टर टटल टोपी घालून, "पुढे सरका, जागा आहे, सगळ्यांना मिळणार, ढकलाढकली नको," असं ओरडत होते. आणि फळीपाशी सुरी घेऊन तिची आई.

"हे कोणी आणलं इथं?" एर्झीनं रोझाला विचारलं.

"म्हणजे काय? नेनीनं! आत्ता आली चालवत. तुला माहीत नाही?"

एर्झी घरात गेली, थाळी घेऊन आली आणि रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा नेनीनं नुसती मान वर केली.

"बोला बाई, काय देऊ?"

"एक पौंड," एर्झी म्हणाली. मग म्हणाली, "नको, दोन दे. आई, डॅनीला पण आवडतं."

"माहितेय मला. जावई आहे माझा."

तास-दीड तासात फळीवर फक्त दोऱ्या उरल्या. बायकांनी पुढच्या शनिवारचं सांगून ठेवलं, टटलनी ते सगळं पाठ केलं. नेनी हात पुसून चाकापाशी चढली, तशी एर्झी खिडकीशी आली.

"आई, मला जरा सोडतेस?"

"कुठं?"

"कुठंही. कोपऱ्यापर्यंत."

टटल खाली उतरले आणि मागे रिकाम्या खोक्यावर जाऊन बसले. एर्झी आईशेजारी चढली. गाडी त्या नव्या रस्त्यांवरून निघाली. दोन्हीकडे काठ्यांना बांधलेली कोवळी झाडं, सगळी घरं एकसारखी. कोपरा आला, मागे गेला.

"त्या माणसाला काय सांगू?" एर्झीनं विचारलं.

"कुठल्या?"

"दुकान घेणार होता तो."

"त्याला म्हणावं बुधवारी ये. बुधवारी ताजी हुरका असते, तांदूळ घातलेली सॉसेज. सकाळी लवकर ये म्हणावं, संपते."

एर्झी हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. नेनीनं वळून बघितलं नाही. रस्त्यावरून नजर हलवायची नाही, असं फादरांनी बजावलेलं होतं. पुढे एका घराच्या हिरवळीवर कोणीतरी पाणी मारत होतं, मुलं ओली होऊन किंचाळत होती. नेनीनं काच खाली केली, डावं कोपर खिडकीवर टेकवलं आणि पुढच्या वळणावर गाडी सावकाश वळवली.