एका घाण्याची काडतुसं

आमच्या नेमबाजीच्या क्लबात म्हणतात, नेम चुकला की आधी काडतुसाला शिव्या द्याव्यात, मग वाऱ्याला, मग नळीला, आणि तरीही शिव्या उरल्याच तर बायकोला. स्वतःपर्यंत कुणी पोचत नाही. तोवर जेवणाची वेळ होते.

माझा नवरा वर्लिन पहिल्याच पायरीवर मुक्काम ठोकणारा. चुनखडीच्या खाणीतून निवृत्त झाला तेव्हा त्यानं टू-टूच्या, म्हणजे पॉइंट टू-टू मापाच्या बारक्या काडतुसांच्या, रायफलीला नवी नळी करवून घेतली. नळीच्या आत मळसूत्रासारखा पीळ कोरलेला असतो, त्यानं गोळी स्वतःभोवती फिरत सुटते. साध्या टू-टूत हा पीळ सैल असतो. वर्लिनला घट्ट हवा होता, का, तर लांब आणि जड गोळ्या मारून दोनशे यार्डांवर निशाण म्हणून उभी केलेली पोलादी कोंबडी पाडायची. जड गोळ्या आल्या. त्यांनी कोंबडी सोडून आसपासचं सगळं काही टिपलं.

घट्ट पिळाची नळी म्हणजे फटकळ सासू. गोळी एका अंगानं तसूभर जड असली तरी तिला खपत नाही. भोवऱ्याची आर वाकडी असली तर तो हळू फिरताना कळत नाही; जोरात फिरवला की अंगणभर नाचतो. तसंच. मग नेहमीच्या वजनाची, पण नीट ओतलेली काडतुसं शोधण्यात त्यानं सबंध हिवाळा घालवला. एक जात लावायची, आधीच्या गोळ्यांना लावलेलं मेण नळीतून जाईपर्यंत मातीच्या बांधात फुकट झाडायची, मग निशाणाच्या कागदावर पाच गोळ्या, मग डोकं हलवायचं, मग दुसरी जात.

"अरे, नवरे दाखवून दाखवून थकलो मी तुझ्या ह्या पोरीला," क्लेट म्हणायचा. क्लेट म्हणजे वर्लिनचा शाळेपासूनचा मित्र आणि आमच्या मैदानाचा मुख्य. "आता जोगीण होऊ दे तिला. पाठव मठात."

"तुझ्या बायकोनं इतकी पारख केली असती तर तू आज मठात असतास," वर्लिन म्हणायचा.

बर्फ वितळायच्या सुमारास एक खोकं लागू पडलं. पाचही गोळ्या एकाच भोकात, ते भोक शर्टाच्या बटणाएवढंसुद्धा नाही. वर्लिननं टोपी काढली. चर्चमध्ये मी त्याला आठवण करून देते तेव्हा काढतो, इथे आपणहून काढली.

कारखान्यात एका दमात भरलेला माल म्हणजे एक घाणा. त्याचा आकडा खोक्यावर असतो. त्याच कंपनीचा, तसल्याच खोक्यातला पुढचा घाणा नळीला परका. म्हणून दुकानात त्या घाण्याचं होतं नव्हतं ते सगळं त्यानं उचललं आणि तळघरात फळीवर रचलं. नियम एकच: खोक्यातून बाहेर आलेलं काडतूस नळीत जाईल, नाहीतर त्याच खोक्यात परत. क्लेटनं एकदा उरलेली चार काडतुसं चुकून भलत्या खोक्यात टाकली. त्या साली हरणांच्या शिकारीच्या मोसमात क्लेट जंगलात एकटाच हिंडला. वर्लिन त्याच्याशी नाताळात बोलला, तेही "मीठ दे" एवढंच.

हे सगळं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ह्या वसंतात त्याच्या गोळ्या फाकायला लागल्या. आधी एखादी बाहेर, मग दोन बाहेर, मग तर कागदाला गोवर आल्यासारखं. वर्लिननं रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळले, नळी आतून पुसली, दस्ता उतरवून पुन्हा बसवला.

"नळी गेली," तो म्हणाला.

"टू-टूची नळी अशी जात नाही," क्लेट म्हणाला. "तू जाशील, मी जाईन, नळी इथेच राहील. काडतुसं बघ."

"काडतुसं तीच आहेत."

मी तळघरात सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी आणायला गेले, तर फळी रिकामी. खाली कॉफीचा मोठा डबा, काठोकाठ भरलेला. सगळी काडतुसं त्यात सुटी. पिवळ्या मेणाची, काळ्या मेणाची, लांब नाकाची जड, खारी मारायची स्वस्तातली, आणि त्यांच्यात कुठेतरी तो एक घाणा. रिकामी खोकी शेगडीशेजारी नीट चपटी करून, दोरीनं बांधून ठेवलेली.

मी वर येऊन विचारलं. वर्लिन जुन्या बरणीच्या तळाचा मुरंबा पावाला लावत होता.

"जागा अडवत होती," तो म्हणाला. "टू-टू म्हणजे टू-टू. सगळी एकाच मापाची तर आहेत."

मी हातातली बरणी टेबलावर ठेवली. त्यानं एखाद्या परक्या बाईबरोबर पळून जायची गोष्ट काढली असती तरी मला इतकं धस्स झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरातून त्याची आरोळी आली. डबा दोन्ही हातांत धरून तो जिना चढून आला. चेहरा लाल.

"हे कुठल्या गाढवानं मिसळलं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरोखरच विचारत होता.

"मी," मी म्हणाले. "आवरताना."

"मर्ना! तीस वर्षं माझ्या घरात राहून?"

"गाढवच मी," मी म्हणाले. आणि त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं.

मी त्याला तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मला डब्यानं आधीच सांगितलेलं होतं. त्यांनी एक लांबलचक नाव तेवढं दिलं. बंदुकांचं काय करणार आहात, असंही विचारलं. मी म्हटलं, बघू. आमच्याकडे बंदूक काढून घेणं म्हणजे माणूस उभा असताना त्याची पँट उतरवणं. बघू, म्हणत मी त्याला एका शनिवारी मैदानावर घेऊन गेले.

क्लेटनं शिट्टी वाजवली. ही शिट्टी झाली की सगळ्यांनी रायफलीचा बोल्ट, म्हणजे ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो मागचा दांडा, काढून टेबलावर ठेवायचा आणि मागे रेषेबाहेर उभं राहायचं, कारण कुणीतरी कागद बदलायला पुढे जाणार असतं. क्लेट स्वतःच पुढे चालला होता. वर्लिन माझ्याशेजारी उभा होता. मी थर्मासचं झाकण फिरवायला खाली वाकले. वर पाहते तो हा टेबलाशी बसलेला, गाल दस्त्याला टेकलेला, आणि बोल्ट बसल्याचा तो खट्ट आवाज.

कुणी ओरडलं नाही. ओरडायला भ्यायले. मी जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कॉफी निवतेय," म्हटलं. तो उठला. क्लेट तिकडे, पाठमोरा, कागदाला टाचण्या लावत होता.

क्लेटला नंतर कळलं. आला तेव्हा ओठ पांढरे झालेले. "मर्ना," तो म्हणाला, "मी सांगू, की तू सांगतेस?"

मी सांगितलं. त्याच दुपारी, स्वयंपाकघरात, सरळ शब्दांत. वर्लिननं सगळं ऐकून घेतलं. "क्लेट कागदापाशी होता?" एवढंच विचारलं. मग आत गेला, बोल्ट आणला, माझ्या हातात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बोल्ट क्लेटच्या तिजोरीत गेला. मला वाटलं, झालं. वाईट झालं, पण झालं.

सकाळी तो कपाटं उघडत होता. "माझा बोल्ट कुठे आहे?"

पुन्हा सांगितलं. पुन्हा "क्लेट कागदापाशी होता?" पुन्हा भिंत. तिसऱ्या सकाळीही तेच. माणसाला एकदा दुःख देता येतं. रोज नाश्त्याबरोबर ताजं वाढता येत नाही.

चौथ्या सकाळी त्यानं कपाटाकडे हात नेला आणि मी कॉफीचा डबा टेबलावर आणून ठेवला.

"हे कुठल्या गाढवानं मिसळलं?"

"मी."

"आता रायफल बाहेर काढण्यात अर्थच नाही," वर्लिन म्हणाला. "काडतुसं वेगळी झाल्याशिवाय एक गोळीसुद्धा मारायची नाही." आणि खुर्ची ओढून बसला.

त्याच्याकडे काडतुसाच्या बुडाच्या काठाची जाडी मोजायचं यंत्र आहे, घड्याळासारखी तबकडी असलेलं. ते त्यानं मांडलं. मेण बघायचं, नाक बघायचं, काठ मोजायचा, रांगेत ठेवायचं. बायबल उघडावं तसे हात. दुपारी क्लेट आला, दारातूनच बघत राहिला.

"काठाच्या जाडीवरून घाणा ओळखतोस? म्हणजे कानाची पाळी बघून माणसाचा स्वभाव सांगण्यातलं झालं."

"तुझ्या कानांवरून मी केव्हाच ओळखलंय," वर्लिन मान वर न करता म्हणाला.

क्लेट हसला, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बराच वेळ नाक शिंकरत बसला. "तो घाणा आता परत मिळायचा नाही, मर्ना," मला म्हणाला. "देवालासुद्धा निवडता यायचा नाही." मी म्हटलं, मला ठाऊक आहे, तू परसातले बीन्स घेऊन जा.

संध्याकाळपर्यंत टेबलावर रांगा लागल्या. वर्लिन दमून आरामखुर्चीत पेंगला. उद्या चाचणी घेऊ, म्हणाला होता. मी रांगांकडे पाहिलं. किती सुबक. मग हातानं सगळ्या टेबलाच्या कडेला लोटल्या आणि डब्यात ओतल्या, आवाज होऊ नये म्हणून डब्यात खाली टॉवेल घालून.

असा उन्हाळा गेला. रोज सकाळी मी गाढव, रोज संध्याकाळी मी चोर. लग्नात ह्याहून वाईट भूमिका वाट्याला येतात. तो शिव्या द्यायचा त्या अगदी जुन्या, खणखणीत. तेवढा वेळ माझा नवरा घरी असायचा.

पानं गळायला लागली होती. एका संध्याकाळी मी नेहमीसारखी टेबलाशी गेले. रांगा होत्या, सरळ, सैनिकांसारख्या. पहिल्या रांगेत पिवळं मेण, त्याला लागून काळं, मग लांब नाकाचं जड, मग खारीवालं, मग परत काळं. दुसरीत तसंच. तिसरीत तसंच. तबकडीचा काटा त्यानं दिवसभर हलवलाच नव्हता. यंत्र उलटं ठेवलेलं होतं.

मिसळण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मी सगळी डब्यात ओतली. टॉवेल घालायचा राहिला, मोठा आवाज झाला. वर्लिन जागा झाला नाही.

सकाळी डबा त्याच्या पुढ्यात ठेवला आणि शिवीची वाट बघत उभी राहिले. त्यानं आत हात घातला, मूठभर काडतुसं काढली आणि एकापुढे एक मांडायला लागला.

"मीच," मी म्हणाले.

"काय मीच?"

"काही नाही. कॉफी घे."