फाटकासमोरचा डफ

मित्रांनो, मी एक जुना डफ आहे. लाकडाच्या गोल कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून कर्जत तालुक्यातल्या कडाव गावाजवळच्या वाडीत मालोजीने मला बनवलं. हवा दमट झाली की माझं कातडं सैल पडे. मग मालोजी पेंढा पेटवून मला शेके, बोटाने टिचकी मारी आणि म्हणे, "आता बोलतंय बघ!"

लग्नात मी क्वचितच वाजलो. डोंगराखालच्या झऱ्याची वाट एका बंगलेवाल्याने फाटक लावून अडवली, तेव्हा मात्र खूप वाजलो. मालोजीची बायको बायजा गायची, "पाणी आमच्या डोंगराचं..." आणि मुद्दाम थांबायची. मागून अख्खी वाडी झील धरायची, "फाटक कुणाच्या बापाचं?" कर्जतला कचेरीपुढेही आम्ही हेच गायलो. दूध घालायला निघालेली माणसं कॅन खाली ठेवून झील धरत. शेवटी फाटक निघालं. बायका हंडे घेऊन झऱ्यावर गेल्या आणि मालोजी मला डोक्यावर धरून नाचला.

पुढे मालोजी गेला. वडिलांची आठवण म्हणून मुलगा स्वप्नीलने मला वॉर्निश लावलं, कातड्यालासुद्धा, आणि भिंतीवर टांगलं. पाहुणे माझ्याबरोबर फोटो काढत. स्वप्नीलची माया खरी होती, पण मला वाजवलं कुणीच नाही. वाडीत नळ आला. लोक झरा विसरले, गाणंही विसरले.

यंदा उन्हाळ्यात नळ कोरडा पडला. झऱ्यावर जावं तर तिथे नवं फाटक. बायजा मला काढायला खुर्चीवर चढली.

"आई, पडाल ना!" सून नम्रता धावली.

"मंग तू उतरव त्याला. लई दिस टांगलाय."

फाटकासमोर बायजाने पेंढा पेटवून मला शेकायला धरलं. वॉर्निशला फोड आले, धूर निघाला आणि माझं कातडं टरकन फाटलं.

"आई, राहू द्या आता."

"डफ फाटला गं. गळा नाय फाटला."

रिकाम्या कड्यावर थाप देत ती गायली, "पाणी आमच्या डोंगराचं..." आणि सवयीने थांबली. समोर सगळी वाडी होती. व्हिडिओ काढायला मोबाईल वर गेले, आवाज कुणाचाच आला नाही.

नम्रताने हळूच विचारलं, "आई, पुढं काय असतं?"

"पुढं तुमी असता गं," बायजा म्हणाली आणि खाली बसली.

फाटक अजून बंद आहे. मी माळ्यावर पडून आहे. मित्रांनो, मला नवं कातडं कधीही चढवता येईल. आधी बायजाजवळ जाऊन बसा. ती थकली आहे, आणि झील अजून तिला एकटीलाच येते.