तिळाची बाजू

आमचे हे फोटोग्राफर आणि मी फोटोंवर रंग चढवणारी. यांनी करड्या बायका काढायच्या आणि मी त्यांचे ओठ लाल करायचे, असा आमचा संसार. नाटकगृह दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे नाचणाऱ्या, गाणाऱ्या, दोरीवर चालणाऱ्या सगळ्या आमच्याच काचेच्या छपराखाली येऊन उभ्या राहत. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावला की भल्याभल्या रडकुंडीला येत. ज्यांचं पोट हलण्यावर, त्यांना दगड व्हायला सांगायचं म्हणजे काय!

गरगर फिरून नाचणारी भिंगरी मात्र चिमट्याशिवाय बसली आणि पापणीसुद्धा लवू दिली नाही. सगळं नाटकगृह तिला भिंगरीच म्हणे. तिला फोटो लेकीसाठी हवा होता. नवरा गेला तेव्हा पोर रांगत होती. गावोगाव फिरणाऱ्या मंडळीत तान्ह्या पोरीला कुठे कुठे नेणार, म्हणून नणंदेकडे ठेवली. आता भिंगरीला एका जागी काम मिळालं होतं, तिनं दोन खोल्याही घेतल्या होत्या. नणंद पोरीला घेऊन यायला तयार होती, पण एका अटीवर. पोर आपणहून राहिली तर ठेव, रडली तर मी परत नेणार. मग आधी चेहऱ्याची ओळख तरी व्हायला हवी ना? नाटकगृहाच्या दारात भिंगरीची चित्रं लागत, पण त्यांत सगळा कपड्यांचा घेर आणि चेहरा नखाएवढा.

फोटो छापून झाला. भिंगरीनं तो हातात घेतला आणि नाक मुरडलं.

"वहिनी, ही कोण बया?"

"तूच की गं."

"माझं तोंड असं वाकडं आहे? आणि हा तीळ बघा, भलत्याच गालावर!"

यांनी समजावलं, "अगं, आरशात उलटं दिसतं. कॅमेरा बघतो तशीच तू लोकांना दिसतेस."

"मग लोकांचं चुकतंय, भाऊ. रोज आरशासमोर बसून तोंड रंगवते मी. माझं तोंड मला माहीत नाही होय?"

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा यांचा बाणा. वाद घालायला घरात मी आहेच. यांनी निमूटपणे फोटो उतरलेली काच उलटी ठेवून दुसरी प्रत काढली. जरा धूसर आली, पण तीळ डावीकडचा उजवीकडे गेला आणि सगळा चेहरा पालटला. भिंगरीचा जीव भांड्यात पडला. "ही बघा मी!" मला मात्र ती कुणी परकी बाईच वाटली.

मग सुरू झाला घोळ. दोन्ही फोटो घेऊन ती नाटकगृहभर फिरली. दारवानानं पहिल्यावर बोट ठेवलं, वाजवणाऱ्यांनी पहिल्यावर ठेवलं. फक्त केस बांधणारी बाई म्हणाली, "दुसरा. यात काय विचारायचं?" ती बिचारी रोज पाठीमागे उभी राहून केस बांधणार, तिनं भिंगरीचं तोंड पाहिलेलं ते आरशातच. झालं! तिथे दोन तट पडले आणि माझ्याही डोक्याचा भुगा झाला. मी गुपचूप आरशासमोर जाऊन माझा भांग बघून आले. मग यांना विचारलं, तर हे म्हणाले दुसरीकडे आहे. इतकी वर्षं संसार केला तो नेमका कुठल्या बाईशी, असं हे विचारणार होते वाटतं, पण माझा चेहरा बघून काचा पुसायला लागले.

"वहिनी, खरं सांगा," भिंगरी म्हणाली, "पोरीला कुठली पाठवू? मला ठाऊक असलेली मी, की लोकांची भिंगरी?"

शेवटी तिनंच दुसरा फोटो निवडला, मी त्याच्या गालांवर गुलाबी रंग दिला आणि तो रवाना झाला.

काही महिन्यांनी नणंद पोरीला घेऊन आली ती थेट आमच्याच दारात. फोटोच्या मागे पत्ता आमचा होता. मी निरोप धाडला तशी भिंगरी अर्धं रंगलेलं तोंड पुसत धावत आली आणि उंबऱ्यातच अडखळली. पोर टकामका बघत होती. मग ती पुढे झाली आणि डावा हात उचलून तिनं भिंगरीच्या गालावर बोट टेकवलं. तो गाल कोरा होता.

"रोज झोपताना फोटोतल्या तिळावर बोट ठेवते," नणंद म्हणाली. मग पोरीकडे वळून, "अगं, हीच तुझी आई."

"नाही." पोरीनं फोटो छातीशी धरला. "आईचा तीळ इकडे आहे. ही आई नाही."

"अगं वेडे, नीट बघ तरी!"

पोर आत्याच्या मागे लपली आणि तिनं भोकाड पसरलं. नणंदेनं खाली ठेवलेलं बोचकं परत उचललं. आमचे हे काच, आरसा, उलटं, सुलटं असं काहीतरी सांगायला लागले. एवढ्याशा पोरीला! मला यांचा असा संताप आला म्हणता!

भिंगरी फरशीवर बसली. तिनं पोरीच्या हातातला फोटो दुरूनच बघितला.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी आई नाही. मी मावशी."

रडणं चटकन थांबलं. पोर आत्याच्या आडून बाहेर आली. तिनं नाक पुसलं.

"आई कधी येणार?"

"येईल."

पोरीनं भिंगरीच्या शेजारी फरशीवर बसकण मारली आणि तिचं बोट धरलं.

"मावशी, आई येईपर्यंत तू थांबशील?"

"थांबते की," भिंगरी म्हणाली.