पत्रूभाऊचा नंबर

खुशबूला नर्सिंगची सीट मिळाली, हे तिच्या आईनं, बायनाबाईनं, मोहर्लीच्या रस्त्यावर भेटेल त्याला सांगून टाकलं होतं. आणि आता चंद्रपूरच्या नेट कॅफेतला पियुष म्हणत होता की सीट अजून पक्कीच झालेली नाही.

"पक्की कराचा कोड तुह्या मेलवर आला असन," तो खुशबूला म्हणाला. "मेल उघड. उद्या संध्याकाळलोग मुदत आहे. हेल्पलाइनवाले तर सकाळपासून उचलूनच नाई राह्यले."

उघड म्हणे! तो मेल खुशबू पाचवीत असताना कॉम्प्युटरच्या सरांनी अख्ख्या वर्गाला काढून दिला होता. पुढं सरांची बदली झाली, कॉम्प्युटरच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या आणि मेल एकदाही न उघडता तसाच पडून राहिला. फॉर्म भरताना पियुषनं मेल विचारला तेव्हा पोरीनं तोच सांगितला, कारण दुसरा नव्हताच. पासवर्ड सरांनी टाकलेला, आणि सर आता कुठं आहेत ते कोणाला ठाऊक?

पियुषनं 'पासवर्ड विसरलात' वर दाबलं. सत्तेचाळीसनं संपणाऱ्या मोबाइल नंबरवर कोड पाठवू का, असं पडद्यावर आलं.

"काकू, हा कोनाचा नंबर?"

बायनाबाईला आठवावं लागलं नाही. "पत्रूभाऊचा. म्हंजे आमचा सगळ्याइचाच."

तेव्हा त्यांच्या गावात नेटवर्क यायचं ते फक्त पत्रूभाऊच्या मचाणावर. धानाची राखण करताना तो आपला साधा मोबाइल कापडी पिशवीत घालून मचाणाच्या बल्लीला टांगून ठेवायचा. मग काय, राशन कार्ड असो, गॅस असो की शाळेचा दाखला, कोणी साहेबानं मोबाइल नंबर विचारला की अख्खं गाव पत्रूभाऊचा नंबर सांगायचं. सांगताना "आमचा" म्हणूनच सांगायचं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मेसेज आला की पत्रूभाऊ मचाणावरूनच हाका मारायचा, आणि ज्याचा असेल तो चुलीवरचं सोडून धावत सुटायचा. पुढं गावाजवळ टॉवर आला, घरोघरी मोबाइल झाले. पत्रूभाऊचे गुडघे धरले तशी त्याची लेक कांता त्याला राजुऱ्याला घेऊन गेली. त्यानंतर त्याला फोन लावायचं कोणाला काही कामच पडलं नाही.

बायनाबाईनं नंबर लावला. फोन बंद असल्याचं त्यातली बाई गोड आवाजात सांगू लागली.

"लय दिवस रिचार्ज नसन तर कंपनी नंबर दुसऱ्याले देऊन टाकते," पियुष म्हणाला.

रिसॉर्टात पोळ्या लाटून लाटून बायनाबाईची मनगटं सुजायची, आणि मालकीण येता-जाता म्हणायची, पोरीलाही घेऊन ये, हाताखाली होईल. "माही पोरगी नर्स होनार आहे," असं ती तिला ठणकावून सांगून आली होती. आता कोणत्या तोंडानं परत जायचं? तिनं खुशबूचा हात धरला आणि राजुऱ्याची गाडी पकडली.

कांताचं घर स्टँडच्या मागंच होतं. पत्रूभाऊ ओसरीत लसूण सोलत बसला होता.

"जयभीम, भाऊ."

"जय सेवा, बाई. आज काऊन रस्ता चुकली?"

बायनाबाईनं पाण्याचा पेला हातात धरूनच सगळं सांगितलं. शेवटी भीत भीत विचारलं, "भाऊ, थो सिम आहे का जी अजून?"

"नसाले काय झालं?" पत्रूभाऊला जरा रागच आला. उठून त्यानं खुंटीवरची पिशवी काढली, तीच ती मचाणावरची. आत तोच मोबाइल होता. बॅटरी फुगून मागचं झाकण बसत नव्हतं म्हणून त्याला रबर लावलेलं. "सकाळी चालू करतो, कोनाचा मेसेज पाहतो, अन् बंद करतो. नाईतं टिकत नाई थे बॅटरी."

"पन रिचार्ज?"

"मारतो ना. जावई म्हनते, बाबा, फेका थो सिम, तुमाले कोन फोन करते? म्या म्हनलं, गावच्या पोट्ट्याइच्या कागदावर हाच नंबर आहे. कोनाले कवा लागन, काय सांगता येते?"

बायनाबाईनं पदर तोंडाला लावला.

खुशबूनं आपल्या मोबाइलवर तेच पान उघडून कोड मागवला. पत्रूभाऊ मात्र मोबाइल चालू करून, पिशवीत घालून जिन्याकडं निघाला.

"आजोबा, इथी घरातच नेटवर्क आहे."

"असू दे. मेसेज वरतच येते."

दुखरे गुडघे धरत तो स्लॅबवर चढला, मायलेकी त्याच्या मागं. कपडे वाळवायच्या खांबाला त्यानं पिशवी टांगली आणि खाली बसून वाट पाहू लागला. पिशवीतून टिंग वाजलं. मग पत्रूभाऊनं चष्मा चढवून एकेक आकडा असा काही ओरडून सांगितला की शेजारच्या बायका बाहेर आल्या. खुशबू त्याच्या शेजारीच बसली होती, पण गावाकडची सवय ती.

मेल उघडला. सीटचा कोड त्यात होता. खुशबूनं तो टाकला, आणि सीट पक्की झाल्याचं आलं तेव्हा तिनं आधी पत्रूभाऊच्या पायाला हात लावला, मग आईच्या.

तेवढ्यात मेलनं आणखी एक विचारलं. सत्तेचाळीसवाला नंबर अजूनही तुमचाच आहे का? हो, की बदलायचा?

"बदलून टाक व माय," पत्रूभाऊ म्हणाला. "तुह्यापाशी आता तुहा मोबाइल आहे." आणि तो पिशवीची नाडी बांधत बसला. नुसता बांधतच बसला.

खुशबूनं आईकडं पाहिलं, आणि 'हो' दाबलं.

"आमचाच आहे," बायनाबाई म्हणाली. "तुमचे लय उपकार झाले, भाऊ."

"मंग रिचार्ज माराच लागन," पत्रूभाऊ कांताला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला.

चंद्रपूरला उतरल्यावर, सुखरूप पोचलो हे सांगायला बायनाबाईनं सत्तेचाळीसचा नंबर लावला. फोन बंद असल्याचं तीच बाई त्याच गोड आवाजात सांगू लागली. बायनाबाईला हसू आलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लागला नाई?" खुशबूनं विचारलं.

"सकाळी चालू करते थो," बायनाबाई म्हणाली. "सकाळी लावू."