भोंपूची चाल

अनिमेषने हैदराबादहून पिक्चरची दोन तिकिटं फोनवर पाठवली, आणि हेमलताबाईंनी ती दोन दिवस फोनमध्येच ठेवली. सांगायचं होतं ते फक्त नवऱ्याला, पण तेच अवघड होतं. मुरलीधरराव आणि अनिमेष आठ वर्षांत एकमेकांशी धड चार वाक्यं बोलले नव्हते. अनिमेष फोन करायचा तो आईला. बाबा कसे आहेत, एवढं विचारायचा आणि उत्तर ऐकून विषय बदलायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "अनिमेषचा पिक्चर लागला आहे."

"त्याचा?"

"त्याच्या एकट्याचा नाही. दोन-अडीचशे लोकं असतात म्हणे. पण त्यात रोबोट आहे न, तो उठतो-बसतो, चालतो-फिरतो, ते सगळं याचं काम."

"कार्टून आहे म्हणजे."

"हो."

मुरलीधरराव बशी हातात धरून बसले. त्यांना आता उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं. संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत त्यांनी सत्तावीस वर्षं तयार भागांची मापं तपासली होती. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक त्यांच्या हातून सुटत नसे. मग काचबिंदूने दोन्ही डोळे कडेकडून खात आणले. त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि जबलपूरला, रांझीतल्या घरात रेडिओजवळची खुर्ची धरली.

"मी येऊन काय पाहू?" ते म्हणाले.

"मी सांगत जाईन कानात."

"त्याने बोलावलं आहे का मला?"

"तिकिटं दोन आहेत," हेमलताबाई म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी अडीचच्या खेळाला ते दोघं मॉलमध्ये पोचले. आत फार लोक नव्हते. शाळा सुटलेली तीन-चार मुलं, दोन कुटुंबं. दिवे गेले आणि हेमलताबाई नवऱ्याच्या कानाशी वाकून सांगू लागल्या.

"डोंगरातलं गाव आहे. खाण आहे, बंद पडलेली. एक पोरगा आहे, जुगनू नाव त्याचं. बारा-तेरा वर्षांचा असेल. भंगारातून कायकाय उचलून राहिला."

पुढच्या रांगेतली बाई वळून म्हणाली, "आंटीजी, ज़रा धीरे." मग तिला मुरलीधररावांचा काळा चष्मा आणि गुडघ्यात धरलेली काठी दिसली. "कोई बात नहीं, आप बताइए," असं म्हणून ती पुन्हा पुढे बघू लागली.

जुगनूने जुन्या क्रेनच्या सांगाड्यातून एक रोबोट बनवला. त्याला बोलता येत नव्हतं. छातीत ट्रकचा भोंगा बसवला होता, तोच वाजवून तो हो-नाही करायचा. म्हणून नाव भोंपू. गावावर संकट आलं की हा जायचा, पडणारा पूल खांद्यावर धरायचा, खाणीत अडकलेली माणसं काढायचा. मुलं हसत होती. मुरलीधररावही एकदा हसले. हेमलताबाईंना बरं वाटलं.

मग भोंपू पहिल्यांदा लांबवर चालत गेला. पहाट होती, रस्ता उताराचा होता आणि तो पाठमोरा होता. हेमलताबाईंचं बोलणं मध्येच थांबलं.

भोंपू डावा पाय किंचित बाहेर टाकत होता. टाकताना उजवा खांदा पुढे काढत होता. चार पावलं गेल्यावर तो थांबला आणि मनगटाने कपाळ पुसलं. लोखंडाच्या माणसाला कपाळ पुसायचं काही कारण नव्हतं.

"काय झालं? काहून गप्प झालीस?" मुरलीधररावांनी विचारलं.

"काही नाही. चालून राहिला तो."

ते थोडा वेळ ऐकत राहिले. पडद्यावर लोखंडी पावलं वाजत होती. एक जड, आणि त्यामागे एक घसटत येणारं.

"याचा डावा पाय कमी पडून राहिला," ते म्हणाले.

"मशीन आहे. असंच चालते."

त्यानंतर हेमलताबाई जेमतेम सांगत होत्या. धरण आलं, दगडं घरंगळली, भोंपू दरवाजा धरून उभा राहिला, पाण्यात गेला. त्या नुसतं "पाण्यात गेला" एवढंच म्हणाल्या. शेवटी तो खाली नदीच्या गाळात सापडला. जुगनूने त्याला तारा जोडल्या आणि भोंगा वाजला. पुढची मुलं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. हेमलताबाई दोन्ही हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. नावं वर सरकू लागली तेव्हा त्यांनी अनिमेषचं नाव शोधलं, पण अक्षरं बारीक होती आणि डोळे भरलेले होते.

बाहेर, सरकत्या जिन्याजवळ एक बाक होता. त्यावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला खोटं सांगितलं मी. मशीन तसं नव्हतं चालत. आपला अंबू चालत होता."

अंबरीश त्यांचा थोरला. नऊ वर्षांचा असताना शेजारच्या गच्चीवरून पडला आणि डावा पाय मोडला. हाड जुळलं ते जरा आखूड जुळलं. तेव्हापासून तो पाय बाहेर टाकून चालायचा. डिप्लोमा करून तो मोटारी दुरुस्त करायच्या एका वर्कशॉपमध्ये लागला होता. हात सदा ग्रीसचे, म्हणून घाम मनगटाने पुसायचा. धाकट्या अनिमेषला चित्रांचं वेड. त्याला चित्रावर चित्र ठेवून गिरवता यावं म्हणून अंबरीशने काचेखाली ट्यूबलाइट लावून एक टेबल करून दिलं होतं. अनिमेष त्याच टेबलावर बसलेला होता त्या संध्याकाळी.

मझौलीला मुरलीधररावांची बहीण पुष्पा राहायची. तिच्या नवऱ्याचं औषध तिथं मिळत नव्हतं, ते जबलपूरहून रात्रीच्या आत पोचवायचं होतं. मुरलीधररावांनी अनिमेषला सांगितलं, जा, देऊन ये. सतरा वर्षांचा अनिमेष म्हणाला, दहा मिनिटं, एवढं पूर्ण करतो. त्या दहा मिनिटांत अंबरीश कामावरून आला. "राहू दे त्याला, मीच जाऊन येतो," म्हणून चहा न पिता गाडी काढून गेला. मझौलीच्या अलीकडे मटाराची पोती भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागे दिवा नव्हता. अंबरीश चोवीस वर्षांचा होता.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना मुरलीधरराव अनिमेषकडे बघून म्हणाले, "जायला तुला सांगितलं होतं." एवढं एकच वाक्य. आवाजही चढवला नव्हता. अनिमेषने मान खाली घातली ती तशीच ठेवली. बारावी झाल्यावर तो हैदराबादला शिकायला गेला, आणि तिथलाच झाला.

मुरलीधरराव बाकावर बसून काठीची मूठ दाबत होते.

"खांदा पुढे?" त्यांनी विचारलं.

"हो. उजवा."

"दाखव."

"इथं?"

"कोण ओळखतं आपल्याला? दाखव न."

ते उठले आणि त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. हेमलताबाईंनी आजूबाजूला पाहिलं. समोर दुकानाचा गार्ड उभा होता. त्यांनी डावा पाय बाहेर टाकला, उजवा खांदा काढला, आणि चालू लागल्या. मागे नवरा, हात खांद्यावर. आधी जमलं नाही. "इतका नाही, कमी," मुरलीधरराव म्हणाले. हेमलताबाईंनी पुन्हा केलं. आठव्या-दहाव्या पावलाला खांद्यावरची बोटं आवळली गेली.

"बस," ते म्हणाले. "बस, हेमा."

गार्ड जवळ आला. "माताजी, तबीयत ठीक है न? पानी लाऊँ?" त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि नवऱ्याला बाकाशी परत आणलं.

बाकावर बसल्यावर मुरलीधरराव बोलले. "त्या दिवशी मी जायला पाहिजे होतं. पुष्पाचं काम माझं होतं. नेहमी मीच जायचो न?"

"तुम्ही ड्यूटीवरून दमून आले होते."

"दमलो नव्हतो. संध्याकाळ झाली की मला रस्ता दिसत नव्हता. वर्षभर झालं होतं. कडेचं सगळं काळं व्हायचं. कोणाला सांगितलं नाही. माप तपासणारा माणूस मी. डोळे गेले म्हटल्यावर ठेवलं असतं का कोणी?" ते थांबले. "म्हणून पोराला जा म्हटलं. आणि तेराव्याला..."

हेमलताबाईंना त्यांची कीव आली नाही. आधी राग आला. आठ वर्षं त्या एकाच घरात, एकाच ताटलीतलं लोणचं खात या माणसासोबत राहिल्या होत्या. डोळे अंबरीशच्या दुःखाने गेले असं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. त्यांनी पर्समधून फोन काढला, अनिमेषचा नंबर लावला आणि तो नवऱ्याच्या हातात दिला.

"हे मला नका सांगू. त्याला सांगा."

फोन स्पीकरवर होता. "हॅलो, आई? पाहिला का?"

"मी बोलून राहिलो," मुरलीधरराव म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बाबा."

"आईने पाहिला. मी ऐकला. डावा पाय बरोबर टाकला आहेस तू."

"तुम्हाला कळलं?"

"आवाजावरून वाटलं होतं. मग तुझ्या आईने चालून दाखवलं."

अनिमेष हळूहळू बोलू लागला. त्याचं मराठी आता अडखळत होतं, मध्येच हिंदी यायची. "इथं सगळे म्हणत होते, हीरो रोबोट लंगडा क्यों है. तीनदा बदलायला लावलं. मी पुन्हा तसाच करून द्यायचो. दुसरं चालणं हातातून येतच नव्हतं. मग म्हणाले, चलो, रहने दो."

"अनिमेष, ऐक. मझौलीला त्या दिवशी मी जायला पाहिजे होतं. मला दिसत नव्हतं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दिसत नव्हतं ते. तुम्ही जिना उतरताना आधी पायाने पायरी चाचपायचे. कप ठेवायच्या आधी टेबलाला बोट लावायचे. मी चित्रं काढायचो न बाबा, मी पाहत असायचो."

"मग तेराव्याला बोलला काहून नाहीस? सगळ्यांसमोर मी तुला..."

"तिथं तुमचे फॅक्टरीतले साहेब बसले होते."

मुरलीधररावांनी फोन मांडीवर ठेवला. हेमलताबाईंनी तो उचलून कानाला लावला. अनिमेष पलीकडून दोनदा "आई" म्हणाला, मग म्हणाला, मीटिंग आहे, रात्री करतो.

हेमलताबाईंचा राग त्या दिवशी गेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बाप आणि मुलगा, दोघांना माहीत होतं आणि दोघं गप्प बसले. मधे आपण तेवढ्या या घराला धरून राहिलो, असं त्यांना वाटत राहिलं. शुक्रवारी मुरलीधरराव म्हणाले, "पुन्हा एकदा ऐकून येऊ का?" तेव्हा त्या उठल्या आणि त्यांनी पायताण घातलं. मॉलमध्ये गेल्यावर कळलं की पिक्चर कालच उतरला. त्या जागी मारामारीचा कोणता तरी लागला होता. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "अंकलजी, वो तो चला ही नहीं."

अनिमेष पितृपक्षात आला, दोन दिवसांसाठी. स्टेशनवर आणायला हेमलताबाई एकट्याच गेल्या. घरी आल्यावर तो दारातच उभा राहिला. मुरलीधरराव खुर्चीतून उठले, हात पुढे करत चार पावलं आले, आणि हात त्याच्या तोंडाला लागला. ते कपाळावरून, नाकावरून, गालावरून बोटं फिरवत राहिले. त्यांनी शेवटचा नीट पाहिला तेव्हा हा चेहरा सतरा वर्षांचा होता.

"दाढी आली तुला," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"किती वर्षांचा झालास?"

"पंचवीस."

मुरलीधररावांचा हात तिथंच थांबला. थोरला चोवीसचाच राहिला होता. अंबरीशचं पान वाढून ठेवलेलं होतं. अनिमेषने बॅग भिंतीशी ठेवली, हातपाय धुतले, आणि वडिलांना दंडाला धरून पाटावर बसवलं.