चौकटीतला ‘तू’

दैनिकाच्या पहिल्या पानावर, हवामानाच्या शेजारी बोटभर चौकट होती. तिच्यात रोज एक ओळ छापून यायची आणि ती लिहिणाऱ्याला कचेरीत सगळे ‘एकओळे’ म्हणत. त्यांचं खरं आडनाव तेच असावं, असं नव्या लोकांना वाटायचं.

एकओळ्यांचा नियम कडक होता. ओळीत ‘मी’ नको, ‘तू’ नको, कुणाचं नाव नको. ‘होता’ तर मुळीच नको. ‘आहे’लासुद्धा ते काट मारत. “‘आहे’ ते आज आहे, उद्या नाही,” नव्या उपसंपादकांना ते सांगत. “‘असते’ ते कायम असते.”

बायको गेल्यावर चौकटीत महिनाभर जाहिरात लागत होती. आज चौकट परत मिळाली होती आणि पहिली ओळ तिच्यावरच लिहायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पान संध्याकाळी छपाईला जायचं. जेवणाच्या टेबलाशी ते कागद घेऊन बसले होते. समोर लेक आईच्या कपड्यांच्या घड्या करून पिशव्यांत भरत होती.

“जमली,” ते म्हणाले आणि वाचून दाखवली. “‘घरातली शांतता कुणाच्या तरी कष्टाची असते.’”

लेकीने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. “छान आहे. कुणाच्याही बायकोला चालेल.”

“अगं, ओळ अशीच असते.”

“ओळ असते, बाबा. आई होती.”

एकओळ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग तूच सांग, काय लिहू?”

“इतकी वर्षं जिचं लिहिलंत, तिचंच लिहा.”

“म्हणजे?”

“‘माफी मागता न येणारा माणूस भेटी आणतो.’ आठवते?”

न आठवायला काय झालं? त्या ओळीवर वाचकांची पत्रं आली होती. संपादकांनी स्वतः उठून पाठ थोपटली होती.

“माझी परीक्षा चालू होती तेव्हा तुमचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही हा स्वेटर आणलात.” तिने तो वर धरला. “आई म्हणाली, ‘तुला माफी मागता येत नाही, म्हणून स्वेटर आणतोस.’ तुम्ही ‘तू’ खोडलात, स्वेटर खोडलात आणि तिथे माणूस बसवलात. सकाळी चहा पिताना तिने मला ती ओळ वाचून दाखवली. म्हणाली, ‘बघ, माझं म्हणणं तुझ्या बाबांनी सगळ्या गावाला ऐकवलं. स्वतःला तेवढं सोडून.’”

“तसं करावंच लागतं. नाहीतर ते घरगुती भांडण राहतं.”

“घरगुती भांडणच होतं ते.”

 एकओळ्यांना दवाखान्यातली बायकोची खाट आठवली. ती बोलत होती आणि यांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला होता. ती बोलायची थांबली, पेनाकडे पाहून हसली आणि मग एक वाक्य म्हणाली. त्याचीही ओळ त्यांनी मनात घासूनपुसून ठेवली होती, ‘तू’ वगळून. योग्य दिवस येण्याची ते वाट पाहत होते.

त्यांनी नवा कागद घेतला. या वेळी काहीच खोडलं नाही. फोटो काढून तो कचेरीत पाठवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले.

थोड्याच वेळात उपसंपादक मुलीचा फोन आला.

“काका, ओळ मिळाली. ‘लिहायला म्हणून ऐकतोस तू. एकदा नुसतं ऐक.’ पण यात ‘तू’ राहिलाय. मी नीट करून घेऊ का? ‘माणूस लिहायला म्हणून ऐकतो’ असं?”

“नको.”

“पण तुमचाच नियम...”

“माझाच आहे. ओळ माझी नाही. खाली ‘एकओळे’ हे नाव असतं, ते काढ.”

“मग कुणाचं टाकू?”

त्यांनी बायकोचं नाव सांगितलं.  पलीकडे मुलीला ते नीट कळलं नाही. इतकी वर्षं एकओळ्यांच्या हाताखाली काम करून तिने ते कधी ऐकलंच नव्हतं.

“परत सांगता, काका? हळू.”

लेकीचे हात थांबले. एकओळे एकेक अक्षर सांगू लागले.